पावतीपुस्तकाचा इतिहास



आजचा विषय एका पावतीपुस्तकामुळे सुचला. दोन महिन्यांपूर्वी आपल्या तालुक्यातली तीन-चार मुलं माझ्याकडे आली होती. २०१९ च्या महापुरावर त्यांना एक छोटा चित्रपट करायचाय. कॅमेरा भाड्यानं आणायचा, आवाज नीट मुद्रित करायचा, पुण्याला जाऊन संकलन करायचं, या सगळ्याचा हिशेब त्यांनी वहीत मांडून आणला होता. हातात नवं कोरं पावतीपुस्तक. मी पाचशेची पावती फाडायला सांगितली, चहा झाला, मुलं उठली. त्यातला एक जण दारात थांबला आणि हळूच म्हणाला, "सर, एक विचारू? हे भीक मागितल्यासारखं तर होत नाही ना?"

मी म्हटलं, "छे रे, भलतंच काय!" पण तो गेल्यावर माझ्या लक्षात आलं, की मी त्याला उत्तर दिलेलं नाही, नुसता धीर दिलाय. चाळीस वर्षं तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसानं प्रश्नाला धीर देऊन वाटेला लावणं काही बरं नाही. तेव्हा आजचं व्याख्यान म्हणजे त्या मुलाला उशिरा दिलेलं उत्तर आहे असं समजा. तो इथं मागच्या रांगेत बसलाय. त्याचं नाव मी सांगणार नाही.

हल्ली या प्रकाराला क्राउडफंडिंग म्हणतात. एखादा कलावंत, प्रकाशक किंवा निर्माता आधी आपल्या चाहत्यांकडून थोडे थोडे पैसे गोळा करतो आणि मग वस्तू तयार करतो. मुलांना वाटतं हे इंटरनेटनं आणलं. आपल्याकडे याला जुना शब्द आहे, लोकवर्गणी. जत्रेला तमाशाची सुपारी द्यायची तर घरटी वर्गणी निघते, सप्ताहाला कीर्तनकार आणायचा तर निघते. लाऊडस्पीकरवरून देणाऱ्याचं नाव आणि रक्कम पुकारली जाते. जगातही हेच झालंय. न्यूयॉर्कच्या स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याला चौथरा बांधायला पैसे पुरेनात, तेव्हा १८८५ साली जोसेफ पुलित्झरनं आपल्या वर्तमानपत्रातून लोकांना हाक दिली. एक लाख डॉलरहून अधिक रक्कम जमली, बहुतेकांनी डॉलरभर किंवा त्याहून कमी दिलं होतं, आणि देणाऱ्यांची नावं तो पेपरात छापत होता. आपल्या देवळातल्या संगमरवरी फरशीवरची नावं आणि ती यादी यांत फारसा फरक नाही.

पण देऊळ किंवा पुतळा एक, आणि कलावंताचा धंदा दुसरा. देऊळ सगळ्यांचं असतं. चित्रपट, नाटक, पुस्तक हे कुणा एकाचं किंवा एका मंडळीचं असतं, आणि ते विकलं जातं. मग त्यासाठी चाहत्यानं आगाऊ पैसे का द्यावेत? आणि दिले तर त्याचा त्यावर हक्क काय? इथून प्रश्न अवघड होतो.

आपण जवळूनच सुरुवात करू. सांगलीत विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली 'सीतास्वयंवर' केलं. मागे चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धनांचा आश्रय होता. १८५१ साली अप्पासाहेब गेले आणि तो आश्रय आटला. मंडळींनी काय करावं? ती गावोगाव फिरायला लागली. १८५३ साली मुंबईत ग्रँट रोडच्या थिएटरात तिकीट लावून प्रयोग झाले. आपण हे मराठी रंगभूमीचा अभिमान म्हणून सांगतो, पण त्यात एक मोठा बदल दडलाय. राजाच्या एका मर्जीच्या जागी शेकडो अनोळखी माणसांची मर्जी आली. राजा रुसला तर सगळंच संपायचं. शंभर प्रेक्षकांतले दहा रुसले तर नव्वद उरतात. कलावंताच्या दृष्टीनं हे स्वातंत्र्यच आहे, फक्त ते रोज नव्यानं कमवावं लागतं.

आता नदी ओलांडून कुरुंदवाडला जाऊ. १८ ऑगस्ट १८७२ ला तिथं विष्णू दिगंबर पलुस्करांचा जन्म झाला. लहानपणी फटाक्यानं डोळ्यांना इजा झाली, पुस्तकी शिक्षण खुंटलं आणि मुलगा मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणं शिकायला गेला. मिरज संस्थानचा आश्रय होता, काही कमी नव्हतं. तरी १८९६ साली त्यांनी मिरज सोडली. असं सांगतात, की एका समारंभाचं आमंत्रण त्यांना आलं, पण त्यांच्या गुरूंना आलं नाही. कारण काय, तर गवई! गवयाला पंक्तीत कशाला बोलवायचं? आख्यायिका म्हणून बाजूला ठेवा हवं तर, पण त्या काळात गवयाची किंमत काय होती ते त्यातून कळतं.

पलुस्करांनी मग जे केलं ते धाडसाचं होतं. दरबाराबाहेर, तिकीट लावून, सामान्य लोकांसमोर ते गाऊ लागले. ५ मे १९०१ रोजी त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय सुरू केलं. राजाच्या खजिन्यावर न चालता लोकांच्या पैशावर चालणारी गाण्याची शाळा ही त्या काळी नवी गोष्ट होती. पैसा कुठून यायचा? जलशांच्या तिकिटांतून, देणग्यांतून, फीमधून, स्वरलेखनाची पुस्तकं छापून विकण्यातून. खर्च मात्र मोठा. त्यांचा एक उपदेशक वर्ग होता. त्यातल्या मुलांनी नऊ वर्षं शिकायचं, पुढे गाण्याचा प्रसार करायचा, आणि तोवर त्यांचं राहणं-जेवण शाळेकडे. म्हणजे आज जलसा ऐकणारा माणूस तिकिटाचे पैसे देत होता ते नुसते आजच्या गाण्याचे नव्हते. नऊ वर्षांनी तयार होणाऱ्या गवयाचेही त्यात होते. याला मी चाहत्याची गुंतवणूक म्हणतो. व्याज मिळत नाही, गाणं टिकतं.

१९०८ साली ते मुंबईला आले. शाळा वाढली. सँडहर्स्ट रोडला स्वतःची इमारत उभी केली, आणि ती कर्ज काढून. इथं बारकाईनं बघा. आतापर्यंत पैसे देणारे चाहते होते, आता त्यांत सावकार आले. जलसे करायचे आणि हप्ते फेडायचे, असं काही वर्षं चाललं. पुढे पलुस्करांचं मन भक्तीकडे वळलं, रामनामात रमलं. पैसे मिळवून देणारे जलसे कमी झाले. चाहत्यांनी हा बदल स्वीकारला, उलट रामधुनीला गर्दीच व्हायची. सावकाराला रामधून ऐकू येत नाही, त्याला तारीख दिसते. १९२४ च्या सुमारास इमारत कर्जापायी गेली. पलुस्कर नाशिकच्या आश्रमात राहिले आणि २१ ऑगस्ट १९३१ ला मिरजेत वारले.

मग शाळा बुडाली का? त्याच वर्षी त्यांच्या शिष्यांनी एकत्र येऊन गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केलं. विनायकराव पटवर्धनांनी १९३२ साली पुण्यात विद्यालय काढलं. ओंकारनाथ ठाकूर, नारायणराव व्यास, बा. र. देवधर ही सगळी त्या उपदेशक वर्गासारख्या व्यवस्थेत घडलेली माणसं. आज आपल्या जयसिंगपुरातली एखादी मुलगी हार्मोनियमची परीक्षा देते आणि फी भरते, तेव्हा ती त्याच जुन्या वर्गणीत आपली भर घालत असते. कर्जावर बांधलेलं गेलं, तिकिटावर घडवलेली माणसं उरली. मला वाटतं हा योगायोग नाही. कर्ज देणाऱ्याला वस्तू हवी असते, ती त्यानं नेली. चाहत्याला गाणं हवं होतं, ते त्याला मिळालं.

दुसरं टोक बघायचं तर कोल्हापूरला चला. बाबूराव पेंटरांनी आनंदराव पेंटरांच्या साथीनं चित्रपटाचा कॅमेरा तयार करण्याचा ध्यास घेतला होता. आनंदराव वारले, बाबूरावांनी काम तडीस नेलं. पण कॅमेऱ्यानं कंपनी होत नाही. महाराष्ट्र फिल्म कंपनीसाठी भांडवल दिलं ते गायिका तानीबाई कागलकर यांनी. १९२० साली 'सैरंध्री' आला आणि लोकमान्यांनी बाबूरावांना 'सिनेमाकेसरी' म्हटलं. दामले, फत्तेलाल, शांताराम याच कंपनीत तयार झाले आणि १ जून १९२९ रोजी त्यांनी धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी यांच्यासह 'प्रभात' काढली. बाबूरावांचा पुतळा आपण बघतो, प्रभातची तुतारी आपल्या कानात आहे. तानीबाईंच्या वाट्याला इतिहासात बहुधा एकच ओळ येते. एका कलावंत बाईनं, तेही गाण्यावर पोट असलेल्या, दुसऱ्या कलावंताच्या न पाहिलेल्या चित्रपटावर पैसे लावले. चित्रपट म्हणजे काय हे ज्या गावात अजून नीट माहीत नव्हतं, तिथं. यापेक्षा मोठा चाहता कोणता दाखवाल?

पण एकाच चाहत्याच्या पैशात धोका असतो. तो माणूस थकला, रुसला, अडचणीत आला, की काम थांबतं. आपण परत राजाच्या दाराशी येतो, फक्त राजा बदललेला असतो. म्हणून पुष्कळांकडून थोडं थोडं घेणं हे गरिबीचं लक्षण नसून स्वातंत्र्याची तरतूद आहे.

ते सर्वांत मोठ्या प्रमाणावर मराठीत कुणी केलं असेल तर डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी. कॉर्नेल विद्यापीठातून डॉक्टरेट घेऊन आलेला हा माणूस मराठीत ज्ञानकोश काढायचा म्हणाला. सरकार परकं, विद्यापीठाला मराठीचं सोयरसुतक नाही. केतकरांनी मर्यादित कंपनी काढली, ज्ञानकोश मंडळ. भाग विकले, आगाऊ वर्गणीदार केले, गावोगाव माणसं पाठवली. ज्याचा एकही खंड छापलेला नाही अशा ग्रंथासाठी वकील, शिक्षक, कारकून यांच्याकडून पैसे घ्यायचे! प्रस्तावनाखंडांपासून धरून तेवीस खंड झाले. नंतर केतकरांनी या सगळ्या खटाटोपाचा इतिहासच लिहिला, 'माझे बारा वर्षांचे काम'. मला त्या पुस्तकाचं फार मोल वाटतं. पैसे देणाऱ्याला खंड मिळाले होते, तिथं व्यवहार संपला होता. तरी त्यांना वाटलं, की काम कसं झालं याचा हिशेब लोकांपुढे ठेवला पाहिजे.

आता माझीच एक गोष्ट सांगतो. मी नुकता नोकरीला लागलो होतो, पगार बेताचा. एका प्रकाशकानं तत्त्वज्ञानाच्या काही खंडांची प्रकाशनपूर्व योजना जाहीर केली होती. आगाऊ पैसे भरा, सवलतीत सगळे खंड घरपोच. मी मनिऑर्डर केली. पहिला खंड आला, छान होता, मी त्याला कव्हर घातलं. दुसरा आलाच नाही. मी पोस्टकार्डं टाकली. एकाचं उत्तर आलं, 'कागदटंचाईमुळे विलंब'. बाकीच्यांचं आलं नाही. रक्कम आज सांगितली तर तुम्ही हसाल. पण त्यानंतर कितीतरी वर्षं मी कुणाच्याच प्रकाशनपूर्व योजनेत नाव घातलं नाही. चांगल्या, प्रामाणिक प्रकाशकांच्याही नाही. त्या एका माणसानं माझे पैसे बुडवले आणि दुसऱ्या दहा जणांचे वर्गणीदार बुडवले. काँट म्हणायचा, खोटं वचन हा सर्वांचा नियम झाला तर वचन नावाची गोष्टच उरणार नाही. वर्गात मी हे फळ्यावर लिहून शिकवायचो. खरं कळलं ते त्या न आलेल्या दुसऱ्या खंडानं.

त्याच सुमाराला उलट अनुभवही महाराष्ट्रात येत होता. दिनकर गांगल आणि त्यांच्या मित्रांनी १९७० च्या दशकाच्या मध्यावर 'ग्रंथाली' ही वाचक चळवळ सुरू केली. वाचकांनी सभासद व्हायचं, वर्गणी भरायची, पुस्तकं कमी किमतीत घ्यायची. प्रकाशकाला आवृत्ती निघण्याआधीच वाचक माहीत. त्यामुळे काय झालं बघा. १९७८ साली दया पवारांचं 'बलुतं' ग्रंथालीनं काढलं, १९८० साली लक्ष्मण मान्यांचं 'उपरा' काढलं. सभासदांत नोकरदार मध्यमवर्ग पुष्कळ. या पुस्तकांतलं जग त्यांतल्या अनेकांनी कधी पाहिलेलंही नव्हतं, आणि पाहायला ते सुखाचंही नव्हतं. हा चाहता आपल्या आवडीचं तेच पुन्हा द्या असं म्हणणारा नव्हता. तुम्ही निवडाल ते वाचू, असं म्हणणारा होता. माझ्या मते चाहत्याच्या पैशाचा सगळ्यात चांगला उपयोग हाच. पैसे देऊन कलावंताला आपल्या पसंतीत बांधायचं नाही, धोका पत्करण्याइतकी त्याला सवड द्यायची.

याच्या जोडीला एक शेतकऱ्यांचं उदाहरण. १९७६ चा श्याम बेनेगलांचा 'मंथन' तुमच्यापैकी अनेकांनी पाहिलाय. पटकथा आपल्या विजय तेंडुलकरांची, भूमिका स्मिता पाटील, गिरीश कर्नाड. निर्माते कोण? गुजरातेतले पाच लाख दूध उत्पादक. प्रत्येकाचे दोन रुपये. वर्गीस कुरियन यांची ही कल्पना. शेतकऱ्यांनी एका दिवसाच्या दुधाच्या पैशातले दोन रुपये कमी घेतले आणि दहा लाख उभे राहिले. चित्रपट लागल्यावर ते ट्रक भरभरून बघायला आले, आपला चित्रपट म्हणून. २०२४ साली त्याची जुनी प्रत दुरुस्त करून कान महोत्सवात दाखवली गेली.

हे ऐकताना शिरोळचा माणूस मात्र थबकतो. कारण 'बिलातून कपात' हे शब्द आपल्याला फार परिचयाचे आहेत. उसाच्या बिलातून काय काय कापलं जातं ते तुम्ही माझ्याहून चांगलं सांगाल. काही कपाती आपण ठरावाला हात वर करून मान्य केलेल्या असतात, काही बिल हातात आल्यावर कळतात. दोन्ही कागदावर सारख्याच दिसतात. त्यातली एक वर्गणी असते आणि दुसरी वसुली. फरक रकमेत नाही, विचारलं होतं का यात आहे. 'मंथन'ची मला आवडणारी गोष्ट ही, की पैसे शेतकऱ्यांचे असून तो चित्रपट सहकाराची जाहिरात झाला नाही. त्यात गावातली जात आहे, सरपंचाचं राजकारण आहे, आणि शेवटी डॉक्टर काम अर्धं टाकून निघून जातो. पाच लाख निर्मात्यांना खूश करायला तेंडुलकरांनी शेवट गोड केला नाही. आणि निर्माते ट्रकात बसून आले.

इंटरनेटनं नवीन काय केलं मग? दोन गोष्टी. एक, चाहता कुठेही असला तरी सापडतो. इंग्लंडमधल्या मॅरिलियन नावाच्या बँडला १९९७ साली अमेरिकेचा दौरा परवडत नव्हता, तर तिथल्या चाहत्यांनी आपणहून साठ हजार डॉलर जमवले. ते बघून बँडनं पुढचा एक अल्बम, रेकॉर्ड करण्याआधीच, बारा हजारांवर चाहत्यांना विकला आणि त्या पैशावर तो केला. केतकरांची माणसं गावोगाव फिरत होती, यांनी पत्रं पाठवली, एवढाच फरक. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. २००९ साली अमेरिकेत किकस्टार्टर सुरू झालं. त्यांचा नियम असा, की ठरवलेली रक्कम ठरलेल्या मुदतीत पूर्ण जमली तरच पैसे घ्यायचे, नाहीतर कुणाकडूनच घ्यायचे नाहीत. म्हणजे अर्धवट पैशावर अर्धवट काम सुरू करून सगळ्यांना लटकवायचं नाही. माझ्या त्या प्रकाशकाला हा नियम असता तर पहिला खंडही आला नसता कदाचित, पण माझी मनिऑर्डर तरी वाचली असती.

मात्र नियमानं सगळं होत नाही. पैसे पूर्ण जमूनही वस्तू न देणारे तिथेही निघालेच. शेवटी प्रश्न तोच राहतो, घेणाऱ्याचा शब्द.

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे येतो. भीक आणि वर्गणी यांत फरक काय? भीक देणारा देतो आणि विसरतो. पुढे काही होईल अशी त्याची अपेक्षा नसते, आणि घेणाऱ्यानं कसला शब्द दिलेला नसतो. दोघांमध्ये काही उरत नाही. म्हणून भिकारी पावती देत नाही. पावती कशाची असते? आपल्या दोघांत अजून काही बाकी आहे याची. तिच्यावर तुझी सही आहे, माझं नाव आहे, तारीख आहे. माझ्याकडचा अर्धा भाग मी एका पुस्तकात खूण म्हणून घातलाय, तुझ्याकडे अर्धा आहे. तो जोवर तुझ्याकडे आहे तोवर तू माझा देणेकरी आहेस. पैशांचा नाही, त्या चित्रपटाचा. तुला लाज वाटली ती मागण्याची नव्हती बाळा. न देता आलं तर काय, ही ती भीती होती. आणि ती असलीच पाहिजे. ज्याला ती वाटत नाही त्याला मी पावती फाडू देणार नाही.

आता तीन कामं कर. किती जमले आणि किती लागणार ते महिन्या-महिन्याला वाचनालयाच्या फळ्यावर लिही. कमी पडले तर कर्ज काढू नको. वीस मिनिटांऐवजी बारा मिनिटांचा चित्रपट कर. पलुस्करांची इमारत लक्षात ठेव. आणि ज्यांनी पैसे दिले त्यांना आवडेल असा शेवट करू नको. पुरात ज्यांची जनावरं गेली, ज्यांची घरं खचली, त्यांना खरं वाटेल असा कर. आमच्यातला कुणी म्हणाला, की माझं नाव मोठ्या अक्षरात टाक, माझ्या दारापुढचं पाणी जास्त वेळ दाखव, तर त्याला हात जोड आणि पैसे परत कर.

पहिला खेळ मात्र इथंच, शिरोळात कर. खुर्च्या कमी पडल्या तर आम्ही सतरंजीवर बसू. मी माझा पावतीचा तुकडा घेऊन येईन.